खनिजं, चुंबक, बॅटरी, सौर पॅनेल: भारत कुठे उभा आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. पुढच्या काही आठवड्यांतच भारतातल्या वाहन कंपन्यांना मोटरीत लागणाऱ्या या चुंबकांचा साठा किती दिवस पुरेल याचा हिशोब करावा लागला. तेव्हापासून या विषयावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं एक मत आधीच सांगतो. आपली सगळी चर्चा खाणीभोवती फिरते, पण आपण अडलो आहोत ते खाण आणि कारखाना यांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे शुद्धीकरणावर. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

क्रिटिकल मिनरल म्हणजे नेमकं काय?

ज्या खनिजावाचून उद्योगाचं किंवा संरक्षणाचं काम अडतं आणि ज्याचा पुरवठा मोजक्या हातांत आहे, ते क्रिटिकल. लोहखनिज आपल्याला प्रचंड लागतं, पण ते इथेच भरपूर मिळतं, म्हणून ते यादीत नाही. जर्मेनियम त्या मानाने चिमूटभर लागतं, पण ते सगळंच्या सगळं बाहेरून येतं, म्हणून ते यादीत आहे.

केंद्राच्या खाण मंत्रालयाने जून २०२३ मध्ये अशा ३० खनिजांची यादी जाहीर केली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, तांबं, ग्राफाइट, सिलिकॉन, टंगस्टन, टायटॅनियम, गॅलियम, रेअर अर्थ ही त्यातली ओळखीची नावं. खतांना लागणारं पोटॅश आणि फॉस्फरसही त्यात आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लिथियम, कोबाल्ट आणि निकेल यांच्यासाठी आपण पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत.

स्वच्छ ऊर्जेला इतकी खनिजं का लागतात?

सूर्य आणि वारा फुकट असले, तरी त्यांना पकडणारी यंत्रं धातूंची असतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२१ च्या अहवालात एक तुलना आहे: पेट्रोलवरच्या मोटारीत पोलाद आणि ॲल्युमिनियम सोडून सुमारे ३४ किलो खनिजं असतात, तर विजेवरच्या मोटारीत सुमारे २०७ किलो. म्हणजे सहापट.

मग तेलाच्या जागी खनिजांचं परावलंबन आलं, एवढाच फरक का, असं कुणी विचारतं. फरक मोठा आहे. तेल आज आलं नाही तर उद्या गाडी थांबते. लिथियम आलं नाही तर नवी गाडी बनत नाही, पण रस्त्यावरची चालत राहते. शिवाय तेल जळून जातं, धातू बॅटरीत शिल्लक राहतो आणि पुन्हा काढता येतो.

रेअर अर्थ खरंच दुर्मीळ असतात का?

नाही. हे नाव जुनं आहे आणि दिशाभूल करतं. ही १७ मूलद्रव्यं आहेत, आणि त्यांतलं सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आढळतं. अडचण अशी की ती एका जागी दाटीने सापडत नाहीत, आणि सापडतात तेव्हा एकमेकांत मिसळलेली असतात. रासायनिक गुणधर्म इतके सारखे की त्यांना वेगळं करायला द्रावणांच्या शेकडो पायऱ्यांतून न्यावं लागतं. प्रत्येक पायरीला आम्लं लागतात, पाणी लागतं, आणि सांडपाणी तयार होतं. हे काम चीनने गेल्या चाळीस वर्षांत शिकून घेतलं, त्याची पर्यावरणीय किंमत स्वतःच्या जमिनीत मोजली, आणि आज जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण तिथे होतं.

आपल्याकडे साठा आहे म्हणतात. मग आपण चुंबक का बनवत नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट आहे आणि त्यात सुमारे ७२ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड. आकडा मोठा आहे. पण मोनाझाइटमध्ये थोरियमही असतं, ते किरणोत्सारी आहे आणि आपल्या अणुकार्यक्रमाच्या दृष्टीने मोलाचं आहे. त्यामुळे हा सगळा व्यवहार अणुऊर्जा विभागाच्या कडक नियंत्रणाखाली राहिला. १९५० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, आजची आयआरईएल, हे काम करते. ओडिशात छत्रपूरला वाळूतून खनिज वेगळं होतं, केरळात आलुवाला रेअर अर्थ शुद्ध होतात. किनारपट्टीचे पर्यावरणीय निर्बंध, दाट वस्ती, मच्छीमारांची गावं यामुळे उत्खनन मनात आलं तेवढं वाढवता येत नाही, आणि माझ्या मते तसं वाढवूही नये.

आता ऑक्साइडची पांढरी-निळसर पूड हातात आली, असं धरू. चुंबक बनायला अजून तीन मजल मारायच्या असतात. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, मिश्रधातूची अतिशय बारीक भुकटी करून, ती चुंबकीय क्षेत्रात दाबून, भाजून चुंबक. आपली साखळी ऑक्साइडनंतर जवळजवळ तुटत होती. विशाखापट्टणमला समॅरियम-कोबाल्ट चुंबकांचा एक कारखाना आहे, पण त्याची क्षमता वर्षाला ३,००० किलो. विजेवरच्या एका मोटारीला निओडिमियमचं चुंबक एक-दोन किलो लागतं. गणित सरळ आहे.

दुसरी अडचण प्रकाराची. आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियम, प्रेसिओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्यं आहेत. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात घालतात ते डिस्प्रोशियम आणि टर्बियम मात्र आपल्याकडे वापरण्याजोग्या प्रमाणात नाहीत. त्यामुळे साखळी पूर्ण उभी राहिली तरी ही दोन मूलद्रव्यं बाहेरून आणावी लागतील.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन रेअर अर्थ चुंबकांची क्षमता देशात उभी करणं हे तिचं उद्दिष्ट. यातले ६,४५० कोटी विक्रीशी जोडलेलं प्रोत्साहन म्हणून आणि ७५० कोटी भांडवली अनुदान म्हणून. मला या योजनेची मांडणी आवडली, कारण ऑक्साइडपासून तयार चुंबकापर्यंतची सलग साखळी हीच तिची अट आहे. बाहेरून मिश्रधातू आणून इथे नुसता आकार द्यायचा, याला तिच्यात वाव ठेवलेला नाही.

चीनने निर्यात रोखणं ही नवी गोष्ट आहे का?

नाही. २०१० मध्ये चीन-जपान वादातल्या सेनकाकू बेटांजवळच्या एका बोटीच्या टकरीनंतर जपानला जाणारे रेअर अर्थ अडले होते. २०२३ च्या ऑगस्टपासून गॅलियम-जर्मेनियमवर, डिसेंबरपासून ग्राफाइटवर, २०२४ मध्ये अँटिमनीवर परवाने आले. एप्रिल २०२५ हे त्याच मालिकेतलं पुढचं पाऊल.

जपानने २०१० नंतर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका रेअर अर्थ कंपनीला सरकारी संस्थेमार्फत दीर्घ मुदतीचा पैसा दिला, साठे केले, चुंबकात डिस्प्रोशियम-टर्बियमसारखे जड रेअर अर्थ कमी कसे लागतील यावर संशोधन केलं. चीनवरचं अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या आसपास आलं, पण त्याला दहा वर्षं लागली. आपण २०१० च्या त्या इशाऱ्याकडे नीट पाहिलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

जम्मूत लिथियम सापडलं होतं ना? त्याचं पुढे काय झालं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने रियासी जिल्ह्यात सलाल-हैमना इथे ५९ लाख टन लिथियम खनिज असल्याचा अनुमान जाहीर केला. त्या आठवड्यातल्या बातम्या पाहिल्या तर वाटेल की देशाचा प्रश्नच मिटला. तीन गोष्टी त्या गदारोळात हरवल्या.

एक, ५९ लाख टन हा आकडा खनिजयुक्त दगड-मातीचा आहे, शुद्ध लिथियमचा नाही. त्यातून निघणारा धातू याच्या अगदी लहानशा हिश्शाएवढा असेल. दोन, हा अनुमान जी-३ पातळीचा आहे. भूवैज्ञानिक जी-४ पासून सुरुवात करतात आणि जी-१ ला सविस्तर चित्र हाती येतं. जी-३ म्हणजे प्राथमिक पाहणी. तीन, हे लिथियम मातीसारख्या खनिजात अडकलेलं आहे. जगातलं बहुतेक लिथियम ऑस्ट्रेलियातल्या कठीण खडकांतून किंवा दक्षिण अमेरिकेतल्या खाऱ्या पाण्यातून येतं. मातीतून ते परवडेल अशा खर्चात काढण्याचं तंत्र अजून नीट बसलेलं नाही. त्यात हा भाग हिमालयाच्या पायथ्याचा, भूकंपप्रवण.

म्हणून हा ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी आखलेला पट्टा, लिलावात आला तेव्हा पुरेशा बोली आल्या नाहीत आणि तो रद्द झाला. दुसऱ्या वेळीही हाती काही लागलं नाही. दरम्यान २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेला लिथियमचा जागतिक भाव २०२४ पर्यंत सुमारे ८० टक्क्यांनी घसरला होता. अर्धवट माहितीच्या जोरावर कोण कोट्यवधी रुपये गुंतवणार?

याउलट छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातला कटघोरा हा लिथियम आणि रेअर अर्थचा ब्लॉक २०२४ मध्ये ७६.०५ टक्के अधिमूल्याने, म्हणजे खनिजाच्या किमतीचा तेवढा हिस्सा राज्याला देण्याच्या बोलीने, गेला. लिलाव झाला म्हणजे खाण सुरू झाली असं मात्र समजू नये. शोध लागल्यापासून पहिलं उत्पादन निघेपर्यंत जगभराची सरासरी १६ वर्षांहून जास्त आहे.

हे लिलाव कोण करतं, राज्य की केंद्र?

ऑगस्ट २०२३ मध्ये खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर २४ महत्त्वाच्या खनिजांचे लिलाव केंद्र करतं, महसूल मात्र संबंधित राज्याला मिळतो. याच दुरुस्तीने लिथियम, बेरिलियम, टायटॅनियम, नायोबियम, टँटलम आणि झिर्कोनियम ही सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली, त्यामुळे खासगी कंपन्यांना तिथे शिरता आलं. खोलवरच्या खनिजांसाठी शोध परवाना हा नवा प्रकारही आला.

राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन काय आहे?

२९ जानेवारी २०२५ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं सात वर्षांचं मिशन. सरकारचे १६,३०० कोटी आणि सार्वजनिक कंपन्यांकडून अपेक्षित १८,००० कोटी, मिळून ३४,३०० कोटी. २०३०-३१ पर्यंत भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने शोधाचे १,२०० प्रकल्प हाती घ्यायचे आहेत. परदेशातल्या खाणी, पुनर्वापर, साठे, संशोधन केंद्रं, प्रक्रिया उद्यानं असं बरंच काही त्यात आहे.

मला त्यातला सगळ्यात आश्वासक भाग वाटतो तो टाकाऊ ढिगाऱ्यांतून खनिजं काढण्याचा. गॅलियम बॉक्साइटपासून ॲल्युमिना करताना द्रावणात उतरतं. टेल्युरियम आणि सेलेनियम तांब्याच्या शुद्धीकरणात खाली बसणाऱ्या गाळात असतात, इंडियम आणि जर्मेनियम जस्ताबरोबर येतात. यांची स्वतंत्र खाण जवळजवळ नसतेच. आपल्या ॲल्युमिना कारखान्यांतल्या लाल गाळाकडे, कोळशाच्या राखेकडे, जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांकडे या नजरेने पाहिलं, तर नवी जमीन न खोदता बरंच हाती लागेल. पण हे सगळं शुद्धीकरणाचं कसब आहे, म्हणजे पुन्हा तोच मधला टप्पा.

परदेशात आपल्या खाणी आहेत का?

सुरुवात आहे. ॲल्युमिनियम बनवणारी नाल्को, हिंदुस्तान कॉपर आणि खनिजांचं शोधकाम करणारी एमईसीएल या तीन सरकारी कंपन्यांनी २०१९ मध्ये काबिल ही कंपनी काढली. जानेवारी २०२४ मध्ये तिने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतातल्या सरकारी कंपनीशी करार केला: लिथियमयुक्त खाऱ्या पाण्याचे पाच ब्लॉक, १५,७०३ हेक्टर, खर्च सुमारे २०० कोटी रुपये. सध्या हा शोधाचा टप्पा आहे. तिथून लिथियम येऊ लागलं तरी बॅटरीच्या दर्जाचं रसायन करायची सोय इथे नसेल, तर ते पुन्हा तिसऱ्याच देशात फिरून येईल.

सौर पॅनेल तरी आता आपण पूर्ण इथे बनवतो ना?

जुळवतो, असं म्हणणं जास्त बरोबर. पॅनेलची वाट अशी: वाळूतून सिलिकॉन, त्याचं अतिशुद्ध पॉलिसिलिकॉन, त्याचा इनगॉट म्हणजे ठोकळा, इनगॉट कापून पातळ चकत्या म्हणजे वेफर, वेफरवर प्रक्रिया करून सेल, सेल काचेत बसवून मॉड्यूल. आपण शेवटच्या टोकाने सुरुवात केली. एप्रिल २०२२ पासून आयात मॉड्यूलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लावलं, मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी सक्तीची केली, पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेत दोन टप्प्यांत २४,००० कोटी ठेवले. फळ दिसलं. ऑगस्ट २०२५ मध्ये यादीतली मॉड्यूल-क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. हे यश खरं आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य करायला हवं.

त्या मानाने सेलची क्षमता बरीच कमी, वेफरची नगण्य, आणि पॉलिसिलिकॉन बाहेरूनच येतं. १ जून २०२६ पासून सेलसाठीही, आणि त्यानंतर दोन वर्षांनी वेफरसाठी सक्तीची यादी लागू करण्याचं सरकारने ठरवलं. एकेक पायरी मागे सरकत जाण्याचं हे धोरण मला योग्य वाटतं. फक्त तारखा पुढे ढकलू नयेत, कारण कारखाना उभारणारा माणूस तारखेवर विसंबून कर्ज काढतो.

आणि बॅटरी?

इथे आपण मागे आहोत. मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची आणि ५० गिगावॉट-तासांच्या क्षमतेची पीएलआय योजना मंजूर झाली, पण ठरलेल्या वेळेत फार थोडं उभं राहिलं. सेल बनवण्याची यंत्रं चीनमधून येतात, ती बसवणारे तंत्रज्ञही तिथलेच, त्यांच्या व्हिसाचा प्रश्न वेगळा. कॅथोडची पूड, ॲनोडचं ग्राफाइट, विद्युतद्राव हे सगळं आयात. बॅटरी पॅक इथे जुळतात, त्यामुळे ‘भारतात बनलेली’ असं वाचायला मिळतं, पण आतला सेल बहुधा बाहेरचा असतो.

कोबाल्ट-निकेल नकोतच, असं करता येईल का?

बऱ्याच अंशी होतंच आहे. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत हे दोन्ही नसतात. ती थोडी जड पडते, पण स्वस्त, सुरक्षित आणि टिकाऊ, आपल्या उन्हाळ्याला मानवणारी. सोडियम-आयन बॅटरीत तर लिथियमही लागत नाही. गाडीसाठी अजून ती थोडी तोकडी, सौर ऊर्जेच्या साठवणीसाठी मात्र चांगली.

महाराष्ट्राचा यात काही वाटा आहे का?

आहे, आणि तो आपल्याच लोकांना माहीत नसतो. नागपुरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, शोधकाम करणाऱ्या एमईसीएलचं आहे, ॲल्युमिनियम संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. खाणीविषयीचं इतकं ज्ञान एका शहरात एकवटलेलं देशात क्वचितच दिसेल. कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन आहे. नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज तर जुनंच, आणि बॅटरीच्या काही प्रकारांत तेही लागतं. गोंदियाला लागून असलेल्या, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिज आहे. मिशनखालच्या संशोधन केंद्रांत आयआयटी मुंबईची निवड झाली आहे. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी धातुशास्त्राच्या जागा वाढवाव्यात असं मला मनापासून वाटतं. चुंबकाचे कारखाने आले तर भट्टीपाशी उभं राहायला माणसं लागणार आहेत.

खाणी वाढल्या तर तिथल्या लोकांचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि क्रिटिकल खनिजांच्या खाण प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेतल्या जनसुनावणीतून सूट दिली. कारण दिलं गेलं ते देशाच्या सुरक्षेचं आणि निकडीचं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

तामिळनाडूतलं तुतिकोरिन आठवा. तिथला तांबं शुद्ध करणारा मोठा कारखाना. वर्षानुवर्षं लोक हवा-पाण्याच्या तक्रारी करत होते. मे २०१८ मध्ये आंदोलन चिघळलं, पोलिसांच्या गोळीबारात १३ जणांचा जीव गेला, आणि कारखाना बंद झाला. तोवर शुद्ध तांबं निर्यात करणारा भारत त्यानंतर निव्वळ आयातदार झाला. ज्या मधल्या टप्प्याबद्दल मी इतकं बोलतो आहे, तोच आपण असा गमावला. लोकांचं वेळेवर ऐकून घेतलं असतं, तर ती माणसंही राहिली असती आणि कदाचित तांबंही. सुनावणीला लागणारे काही महिने हे १६ वर्षांच्या प्रवासात काहीच नाहीत.

खाणबाधित जिल्ह्यांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे. आपल्या जिल्ह्यात तो कुठे खर्च झाला हे विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. विचारा.

समुद्राच्या तळाशी निकेल-कोबाल्टचे गोळे आहेत म्हणतात?

आहेत. मध्य हिंद महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात शोध घेण्याचा करार भारताने २००२ मध्येच केला. पाच-सहा किलोमीटर खोलीवरून ते वर आणणं आणि तिथल्या जीवसृष्टीला न दुखावणं, दोन्ही आज कठीण आहे. पुढच्या काही वर्षांच्या हिशोबात ते धरू नये.

इतर देश काय करत आहेत?

युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात २०३० ची उद्दिष्टं लिहून टाकली: गरजेच्या १० टक्के उत्खनन, ४० टक्के प्रक्रिया आणि २५ टक्के पुनर्वापर आपल्याच भूमीवर, आणि कुठल्याही एका देशाकडून ६५ टक्क्यांहून जास्त नाही. उत्खननापेक्षा प्रक्रियेचा आकडा चौपट ठेवला आहे, हे ध्यानात घ्या. इंडोनेशियाने २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद करून शुद्धीकरण आपल्याकडे खेचलं, पण त्यासाठी जंगल आणि समुद्रकिनारा यांचं मोठं नुकसान सोसलं. अमेरिकेने २०२५ मध्ये देशातल्या रेअर अर्थ उत्पादकाला किमान भावाची हमी दिली. भाव पाडून स्पर्धकाला बाजारातून घालवण्याचा डाव त्यामुळे चालत नाही, आणि आपल्याकडच्या योजनांत मला नेमकी हीच तरतूद कमी दिसते.

माझ्या घरात जुने मोबाइल आणि बॅटऱ्या पडून आहेत. त्यांचा काही उपयोग?

नक्की आहे. त्यांत कोबाल्ट, लिथियम, तांबं आहे, आणि तेही खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी दाट प्रमाणात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजनाही मंजूर झाली; वर्षाला २ लाख ७० हजार टन पुनर्वापराची क्षमता उभी करायची आहे.

अडचण आहे ती गोळा करण्याची. भंगारवाल्याकडे गेलेली बॅटरी अनेकदा उघड्यावर फोडली जाते, आम्लाने धुतली जाते, त्यात काम करणाऱ्याचे हात आणि फुप्फुसं खराब होतात आणि लिथियम वाया जातं. म्हणून जुना फोन किंवा बॅटरी दुकानदाराच्या संकलन पेटीत किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या. देण्याआधी फोनमधली माहिती पुसा. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, उन्हात ठेवू नका. तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकरात लवकर केंद्रावर पोचवा.